बावन्न आठवड्यांचा हिशेब

क्रमांक हा शब्द विद्यार्थ्यांस नवा नाही. वार्षिक परीक्षेचा निकाल हाती पडला की गुणांच्या बेरजेआधी दृष्टी जाते ती क्रमांकाच्या रकान्याकडे. आणि घरी गेल्यावर पहिला प्रश्न विचारला जातो तोही बहुधा त्याच रकान्याविषयी. तथापि शाळेतील क्रमांकाचा एक मोठा गुण असा की, तो एकदा लागला म्हणजे पुढील परीक्षेपर्यंत हलत नाही. पहिल्या आलेल्या मुलास दिवाळीच्या सुट्टीत ताप भरला, म्हणून त्याचा पहिला क्रमांक कोणी काढून घेत नाही. परंतु जेथे क्रमांकाची यादी दर आठवड्यास नव्याने लागते आणि अंथरुणाला खिळलेल्याचा क्रमांकही आपोआप खाली सरकतो, अशी एखादी शाळा असेल तर? अशी शाळा खरोखरच आहे. व्यावसायिक खेळाडूंचे जग ते हेच. आणि त्या जगातील एक नामांकित ठिकाण आपल्या हैदराबाद शहरात, गच्चीबावली येथे आहे.

बॅडमिंटन हा खेळ आपणां मराठी भाषकांस परका नव्हे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी तो खेळत आणि त्या गावावरून त्यास ‘पूना’ असेच नाव पडले होते. पुढे सांगलीचे नंदू नाटेकर यांनी १९५६ साली क्वालालंपूर येथील स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळविणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू होण्याचा मान संपादला. हैदराबादेत सय्यद मोहंमद आरिफ यांच्यासारख्या गुरूंनी या खेळाची शिस्त रुजविली. त्यांचे शिष्य पुल्लेला गोपीचंद यांनी २००१ साली ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली आणि २००८ साली गच्चीबावलीस आपली प्रबोधिनी उघडली. सायना नेहवाल, पी. व्ही. सिंधू, किदंबी श्रीकांत, साई प्रणीत ही नावे या प्रबोधिनीशी जोडलेली आहेत. मुंबईचे चिराग शेट्टी आणि त्यांचे जोडीदार सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी यांनीही येथेच सराव केला आणि २०२३ च्या ऑक्टोबरात पुरुष दुहेरीच्या जागतिक क्रमवारीत पहिले स्थान पटकावले.

या खेळाडूंच्या यशाच्या वार्ता आपण वर्तमानपत्रांतून वाचतो. त्यांच्या नावापुढे कंसात एक आकडाही असतो. तो आकडा कसा ठरतो, आणि तो ठरविण्याच्या रीतीमुळे खेळाडूच्या शरीरावर, प्रवासावर व निर्णयांवर कोणता भार पडतो, हे या लेखात समजावून सांगण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम रीत पाहू. जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०१८ पासून आपल्या स्पर्धांची जी रचना केली, तीत सुपर १०००, सुपर ७५०, सुपर ५००, सुपर ३०० आणि सुपर १०० अशा श्रेणी ठरविल्या. या रचनेत सुपर १००० स्पर्धेच्या विजेत्यास १२,००० गुण, सुपर ७५० च्या विजेत्यास ११,०००, सुपर ५०० च्या विजेत्यास ९,२००, सुपर ३०० च्या विजेत्यास ७,००० आणि सुपर १०० च्या विजेत्यास ५,५०० गुण, असे कोष्टक आखण्यात आले. जो हरला त्यालाही तो जेथवर पोहोचला त्या मानाने गुण मिळतात. खेळाडूने गेल्या बावन्न आठवड्यांत ज्या स्पर्धा खेळल्या असतील, त्यांपैकी ज्या दहांत त्याला सर्वाधिक गुण मिळाले, त्या दहांची बेरीज केली जाते. त्या बेरजेवरून क्रमवारी लागते.

ही रीत ऐकावयास अत्यंत न्याय्य वाटते, आणि बऱ्याच अंशी ती न्याय्य आहेही. परंतु तीत दोन बारीक कलमे दडलेली आहेत. पहिले कलम ‘बावन्न आठवडे’ हे. आज मिळविलेले गुण म्हणजे मालकीची जमीन नव्हे. ती एका वर्षाच्या कराराने घेतलेली जागा होय. वर्ष संपले की गुण खात्यातून उतरतात. ज्याने यंदा सुपर ७५० स्पर्धा जिंकली त्याला ११,००० गुण मिळाले. पुढील वर्षी त्याच स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत हरला तर त्याच्या हाती २,६६० उरतात. त्याने मधल्या काळात काही वाईट केले असे नव्हे. केवळ वर्ष उलटले. म्हणून वर्तमानपत्रांत ‘विजेतेपद राखणे’ हा जो शब्दप्रयोग येतो, तो अक्षरशः खरा आहे. जिंकलेले राखावे लागते, आणि राखण्यासाठी पुन्हा त्याच वेळी त्याच ठिकाणी हजर असावे लागते.

दुसरे कलम ‘सर्वोत्तम दहा’ हे. याचा परिणाम समजण्यासाठी एक हिशेब मांडून पाहू. सोपेपणासाठी सर्व स्पर्धा सुपर ५०० श्रेणीच्या आहेत असे धरू. या श्रेणीत उपान्त्य फेरीत हरणाऱ्यास ६,४२० आणि उपान्त्यपूर्व फेरीत हरणाऱ्यास ५,०४० गुण मिळतात. समजा, ‘अ’ ही खेळाडू वर्षात दहाच स्पर्धा खेळली. दोन जिंकल्या, चारांत ती उपान्त्य फेरीत हरली आणि चारांत उपान्त्यपूर्व फेरीत. तिचे गुण १८,४०० अधिक २५,६८० अधिक २०,१६०, म्हणजे एकूण ६४,२४० झाले. ‘ब’ ही खेळाडू सोळा स्पर्धा खेळली. तिनेही दोनच जिंकल्या. सहांत ती उपान्त्य फेरीपर्यंत, दोहोंत उपान्त्यपूर्व फेरीपर्यंत गेली, आणि उरलेल्या सहांत पहिल्याच सामन्यात गारद झाली. तिच्या सर्वोत्तम दहांची बेरीज १८,४०० अधिक ३८,५२० अधिक १०,०८०, म्हणजे ६७,००० भरते.

आता दोघींचे सामने मोजा. बत्तीस जणींच्या स्पर्धेत विजेतीला पाच सामने खेळावे लागतात. त्या हिशेबाने ‘अ’ ने अडतीस सामन्यांपैकी तीस जिंकले. ‘ब’ ने सेहेचाळीसांपैकी बत्तीस. ‘अ’ एकदाही उपान्त्यपूर्व फेरीच्या आत हरली नाही. ‘ब’ सहा वेळा पहिल्या फेरीत हरली. तरी क्रमवारीत ‘ब’ पुढे राहिली, कारण तिचे सहा पराभव बेरजेत आलेच नाहीत. ‘ब’ ने काही लबाडी केली असे मुळीच नव्हे. सोळा ठिकाणी जाऊन लढणे हेही कष्टाचेच काम आहे. परंतु या रीतीत अधिक खेळणाऱ्यास अधिक संधी मिळते, आणि विश्रांती घेणाऱ्यास विश्रांतीबद्दल काहीच मिळत नाही, एवढे या हिशेबावरून स्पष्ट व्हावे.

मग खेळाडू क्रमांकाची एवढी चिंता का करतात? केवळ मानासाठी नव्हे. मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत बत्तीसच जागा असतात आणि त्या क्रमवारीनुसार भरल्या जातात. त्यांतील पहिल्या आठांस मानांकन मिळते. म्हणजे सोडत काढताना त्यांना अशा तऱ्हेने दूर दूर ठेवतात की, त्यांची आपसांत गाठ आरंभीच्या फेऱ्यांत पडू नये. ज्यास मानांकन नाही, त्याच्यासमोर पहिल्याच दिवशी जगज्जेता उभा राहू शकतो. अर्थात वरच्या क्रमांकामुळे आरंभीची वाट सोपी होते, सोप्या वाटेमुळे अधिक गुण मिळतात आणि अधिक गुणांमुळे क्रमांक वर राहतो. खाली घसरलेल्याचे चक्र नेमके याच्या उलट फिरते.

शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर काय घडते, हे पाहावयास आपणांस दूर जाण्याचे कारण नाही. २०१९ च्या ऑगस्टात गच्चीबावलीच्या क्रीडागृहात हैदराबाद खुली स्पर्धा झाली. ती सुपर १०० श्रेणीची, म्हणजे जागतिक दौऱ्याची सर्वांत खालची पायरी. अंतिम सामन्यात भारताच्या सौरभ वर्मा यांनी सिंगापूरच्या लोह कीन यू या तरुणास तीन गेममध्ये हरविले. आठवडाभर झुंजून, एकही सामना न गमावता, सौरभ यांच्या पदरी ५,५०० गुण पडले. त्याच कोष्टकानुसार सुपर १००० स्पर्धेत केवळ एक सामना जिंकून दुसऱ्या फेरीत हरणाऱ्यास ४,८०० गुण मिळत होते. दोहोंतील अंतर किती थोडे! त्या मोठ्या स्पर्धेचे दार ज्यास उघडे नाही, त्याला अशा अनेक लहान स्पर्धा, अनेक गावे, अनेक विमानप्रवास पालथे घालावे लागतात. लोह कीन यू यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. ते पुढे पुन्हा येणार आहे.

वरच्या पायरीवर असणाऱ्यांस तरी स्वस्थता असते काय? तीही नाही. २०२३ च्या आरंभीचे वेळापत्रक पाहा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात क्वालालंपूर येथे मलेशिया खुली स्पर्धा; पुढल्या आठवड्यात नवी दिल्ली येथे भारतीय खुली स्पर्धा; त्यापुढील आठवड्यात जकार्ता; आणि त्याला लागूनच बँकॉक. चार आठवड्यांत चार देश. जो रविवारी अंतिम सामना खेळतो, त्याने सोमवारी विमान गाठावे आणि मंगळवारी किंवा बुधवारी दुसऱ्या देशात, दुसऱ्या हवेत पुन्हा पहिली फेरी खेळावी, असा हा क्रम. येथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. जो हरतो त्याला आठवड्याच्या मध्यावर विश्रांती मिळते. जो जिंकतो त्याला ती मिळत नाही.

यात महासंघाच्या नियमाची भर पडली. २०१८ पासून असा दंडक घालण्यात आला की, एकेरीतील पहिल्या पंधरा खेळाडूंनी वर्षात किमान बारा मोठ्या स्पर्धा खेळल्याच पाहिजेत: सुपर १००० च्या तिन्ही, सुपर ७५० च्या पाचही आणि सुपर ५०० च्या सातांपैकी चार. सबळ कारणावाचून गैरहजर राहिल्यास प्रत्येक वेळी ५,००० डॉलर दंड. सायना नेहवाल आणि स्पेनच्या करोलिना मारिन यांनी या भरगच्च वेळापत्रकाविषयी आपली नापसंती उघडपणे बोलून दाखविली होती.

महासंघाची बाजूही ऐकून घेणे योग्य होईल. स्पर्धा भरविण्यास मोठा खर्च येतो. तो खर्च प्रेक्षकांच्या तिकिटांतून, पुरस्कर्त्यांच्या पैशांतून आणि दूरचित्रवाणीच्या करारांतून उभा राहतो. आणि हे सर्व लोक पैसे देतात ते नामवंत खेळाडू पाहावयास मिळतील या भरवशावर. हैदराबादचा एखादा गृहस्थ मुलांना घेऊन दिल्लीस सामना पाहण्यास गेला आणि ज्यांच्यासाठी गेला तेच खेळाडू आले नाहीत, तर त्याची निराशा समजण्यासारखी आहे. शिवाय बक्षिसांच्या रकमा वाढल्या त्या याच व्यवस्थेमुळे. तेव्हा येथे कोणी एक दुष्ट आणि दुसरा साधू असा प्रकार नाही. दोन रास्त गरजा एकाच मनुष्याच्या गुडघ्यांवर येऊन टेकल्या आहेत, एवढाच याचा अर्थ.

श्रीकांत यांची हकीकत या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१७ साली त्यांनी इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया, डेन्मार्क आणि फ्रान्स अशा चार मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या आणि नोव्हेंबरच्या आरंभी ते जगात दुसऱ्या क्रमांकावर येऊन पोहोचले. पहिले स्थान दृष्टीच्या टप्प्यात होते. त्याच सुमारास नागपूर येथे राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिचे गुण जागतिक क्रमवारीत धरले जात नाहीत. तरी देशातील थोर खेळाडूंनी राष्ट्रीय स्पर्धेकडे पाठ फिरवू नये, ही अपेक्षाही वावगी म्हणता येत नाही. श्रीकांत नागपुरास खेळले. अंतिम सामन्यात एच. एस. प्रणॉय यांच्याकडून हरले. आणि तेथे पायाचा स्नायू दुखावल्यामुळे त्यांना लगेच पुढल्या चीन खुल्या स्पर्धेतून माघार घ्यावी लागली. पहिल्या क्रमांकाची संधी त्या वेळी हुकली.

पुढे ती आली, परंतु कशी आली ते पाहण्यासारखे आहे. २०१८ च्या एप्रिलात राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा असल्यामुळे दरवर्षी एप्रिलात होणारी मलेशिया खुली स्पर्धा जूनच्या अखेरीस ढकलण्यात आली. डेन्मार्कचे व्हिक्टर ॲक्सेलसेन तेव्हा अग्रस्थानी होते. आदल्या वर्षीच्या मलेशियातील स्पर्धेस बावन्न आठवडे पूर्ण झाले, त्यांचे तेथील १,६६० गुण खात्यातून उतरले, आणि ते भरून काढावयास त्या महिन्यात स्पर्धाच नव्हती. त्यामुळे १२ एप्रिल २०१८ च्या यादीत ७६,८९५ गुणांसह श्रीकांत जगात पहिले ठरले. आणि पुढच्याच आठवड्यात ते स्थान पुन्हा ॲक्सेलसेन यांच्याकडे गेले. श्रीकांत त्या मानास पात्र नव्हते असे कोणीही म्हणणार नाही. चार विजेतेपदांचे बळ त्यांच्या पाठीशी होते. परंतु पात्रता त्यांनी ऑक्टोबरात सिद्ध केली, आणि मान त्यांना एप्रिलात, वेळापत्रकातील एका फेरफारामुळे मिळाला. क्रमांक खोटा नसतो. तो उशिरा बोलतो, इतकेच.

दुखापत झाली असता हा हिशेब किती कठोर होतो, हे सिंधू यांच्या उदाहरणावरून दिसते. २०२२ च्या ऑगस्टात बर्मिंगहॅम येथे त्यांनी वेदना सोसत राष्ट्रकुल सुवर्णपदक जिंकले. त्यानंतर डाव्या पायाच्या हाडास ताणामुळे चीर पडल्याचे निष्पन्न झाले आणि त्यांना त्याच महिन्यातील जागतिक अजिंक्यपद स्पर्धा सोडावी लागली. सुमारे पाच महिने त्या मैदानाबाहेर राहिल्या. २०२३ च्या जानेवारीत मलेशियात त्या परतल्या, तो पहिल्याच फेरीत समोर उभ्या राहिल्या करोलिना मारिन, म्हणजे रिओ येथील ऑलिंपिक अंतिम सामन्यात त्यांना हरविणाऱ्या सुवर्णपदकविजेत्या. मारिन याही गुडघ्याच्या गंभीर दुखापतींतून सावरत क्रमवारीची शिडी पुन्हा चढत होत्या. एके काळी अंतिम फेरीत शोभणारी लढत पहिल्या दिवशीच लागली, आणि सिंधू हरल्या. त्या वर्षी जुलै महिन्यात त्यांचा क्रमांक सतराव्यापर्यंत खाली आला. गेल्या दहा वर्षांत तो इतका खाली कधीच आला नव्हता.

दुखापतीचे सारे खापर वेळापत्रकावर फोडणे न्याय्य होणार नाही. विश्रांत शरीरालाही इजा होते. परंतु इजा झाल्यावर पुरेसे दिवस थांबावे की क्रमांक घसरण्याआधी परतावे, हा प्रश्न मात्र या व्यवस्थेनेच खेळाडूपुढे उभा केलेला असतो. महासंघाने दीर्घ दुखापतीच्या व मातृत्वाच्या काळासाठी संरक्षित क्रमांकाची सोय ठेवली आहे, ही चांगली गोष्ट होय. तथापि सहा आठवड्यांच्या दुखण्यास त्या सोयीचा उपयोग नाही, आणि बहुतेक दुखणी अशीच असतात.

हैदराबादेने हाच प्रश्न दुसऱ्या एका खेळातही जवळून पाहिला आहे. स्नूकर हा खेळ १८७५ साली आपल्या जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्मास आला. २०१६ च्या जुलैत व्यावसायिक स्नूकरची इंडियन ओपन ही क्रमवारीची स्पर्धा हैदराबादेत भरली आणि स्कॉटलंडच्या अँथनी मॅकगिल यांनी इंग्लंडच्या कायरन विल्सन यांना ५–२ असे हरवून ती जिंकली. या खेळातील क्रमवारी निराळ्या पद्धतीने लागते. २०१४ पासून तेथे बक्षिसाचा एक पौंड म्हणजे एक गुण, असा सरळ व्यवहार आहे, आणि हिशेब एका वर्षाचा नसून दोन वर्षांचा असतो. पहिल्या चौसष्टांत जो राहतो त्याचे व्यावसायिक सदस्यत्व टिकते. जो बाहेर जातो त्याला ते पुन्हा मिळवावे लागते. पहिल्या सोळांस शेफिल्ड येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत थेट प्रवेश मिळतो.

दोन वर्षांची मुदत असल्यामुळे दुखण्यास थोडी सवड मिळते, हा या पद्धतीचा गुण. परंतु पैसा हाच गुण ठरल्यामुळे मोठ्या बक्षिसाच्या एकदोन स्पर्धा साऱ्या हंगामावर सावली टाकतात, हा तिचा दोष. शिवाय स्पर्धांची संख्याही वाढली. २००९–१० च्या हंगामात क्रमवारीच्या सहा स्पर्धा होत्या. २०१८–१९ च्या हंगामात त्या वीस झाल्या. बहुतेक स्पर्धा ब्रिटनमध्ये होत असल्याने भारतीय खेळाडूने एक तर घर सोडून तेथे राहावे, किंवा सतत प्रवास करावा. पुण्यात जन्मलेले आणि बंगळूरात वाढलेले पंकज अडवाणी २०१२ साली या व्यावसायिक दौऱ्यात उतरले. २०१३ च्या वेल्श खुल्या स्पर्धेत त्यांनी उपान्त्यपूर्व फेरी गाठली. म्हणजे कौशल्याचा प्रश्न नव्हता. तरीही २०१४ साली त्यांनी ते सदस्यत्व आपण होऊन परत केले, कारण त्यांना बिलियर्ड्स व स्नूकर हे दोन्ही खेळ खेळावयाचे होते आणि त्या दौऱ्याच्या वेळापत्रकात दोहोंस जागा नव्हती. त्यानंतर त्यांनी दोन्ही खेळांत जागतिक विजेतेपदांची जी रास उभारली, ती व्यावसायिक स्नूकरच्या क्रमवारीत कोठेही दिसत नाही. क्रमवारीच्या बाहेर उभा असलेला मनुष्य लहान असतो असे नाही, याचे हे ठळक उदाहरण.

आता सर्वांत कटू प्रसंगाकडे वळू. ऑलिंपिक स्पर्धेतील प्रवेशही क्रमवारीवरूनच ठरतो. एका देशाचे दोन खेळाडू एकेरीत घेतले जातात, तेही दोघे पहिल्या सोळांत असतील तरच. टोकियो ऑलिंपिकसाठी पात्रतेची मुदत २०१९ च्या एप्रिलात सुरू झाली. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने जगभरच्या स्पर्धा बंद पडल्या, ऑलिंपिक एक वर्ष लांबले आणि पात्रतेची मुदत २०२१ च्या जूनपर्यंत वाढविण्यात आली. श्रीकांत आणि सायना हे दोघेही तेव्हा आवश्यक स्थानाच्या बाहेर होते. मागे पडलेले गुण भरून काढण्यास त्यांच्यापुढे दिल्ली, क्वालालंपूर आणि सिंगापूर अशा तीन स्पर्धा उरल्या होत्या. साथीच्या दुसऱ्या लाटेत त्या तिन्ही, एकामागून एक, होऊ शकल्या नाहीत. २८ मे २०२१ रोजी महासंघाने जाहीर केले की, यापुढे पात्रतेची एकही स्पर्धा होणार नाही व क्रमवारीत बदल होणार नाही. लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकलेल्या सायना आणि एके काळी जगात पहिले असलेले श्रीकांत यांचे टोकियोचे दार, हाती रॅकेट न घेताच, बंद झाले.

यात अन्याय कोणी केला? कोणीच नाही. नियम आधी जाहीर होता. साथ कोणाच्या हातची नव्हती. आणि ज्यांचे गुण आधीच पुरेसे झाले होते, त्यांनी ते कष्टानेच मिळविले होते. परंतु त्याच वर्षी डिसेंबरात स्पेनमधील ह्युएल्वा येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. टोकियोला ज्यांना जागा मिळाली नव्हती, ते श्रीकांत तेथे एकेक फेरी जिंकत अंतिम सामन्यात जाऊन पोहोचले. जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष खेळाडू ठरले. अंतिम सामन्यात त्यांना हरविले ते लोह कीन यू यांनी. होय, दोन वर्षांपूर्वी गच्चीबावलीच्या सुपर १०० स्पर्धेत उपविजेते राहिलेले तेच लोह कीन यू. मे महिन्याच्या यादीवरून डिसेंबरचा हा सामना कोणास भाकीत करता आला असता?

एवढे वाचून, ‘मग क्रमवारी हवीच कशाला?’ असा प्रश्न एखाद्या विद्यार्थ्याच्या मनात उठेल. आमचे मत तसे नाही. क्रमवारी नसेल तर कोणास कोठे पाठवावयाचे हे निवड करणाऱ्यांच्या मर्जीवर राहील, आणि मर्जी ही आकड्यापेक्षा कितीतरी अधिक लहरी असते. गुंटूरकडून आलेल्या एखाद्या मुलास कोणाची शिफारस नसता जगातील सर्वांत मोठ्या स्पर्धेत प्रवेश मिळतो, तो या आकड्यामुळेच. आकडा ओळखपाळख पाहत नाही, भाषा व प्रांत पाहत नाही, हा त्याचा थोर गुण आहे. पण तो थकवाही पाहत नाही. जो निःपक्षपाती आहे तो दयाळूही असेलच असे नाही. म्हणून दयेची तरतूद नियम करणाऱ्यांनी वेगळी करून ठेवावी लागते. वर्षात सक्तीच्या विश्रांतीचे आठवडे ठेवणे, दुखापतीच्या काळातील गुण काही अंशी राखून ठेवणे, लागोपाठच्या स्पर्धा एकमेकींजवळच्या देशांत भरविणे, अशा उपायांनी आकड्याची न्याय्यता न गमावता त्याची कठोरता कमी करता येईल.

आपणां वाचकांचेही येथे एक कर्तव्य आहे. एखादा नामांकित खेळाडू स्पर्धेतून माघार घेतो तेव्हा घराघरांतून ‘आता हा संपला’ असा निवाडा चटकन दिला जातो. आणि तो निवाडा त्या खेळाडूच्या कानांवर आल्यावाचून राहत नाही. यापुढे कंसातील तो आकडा दृष्टीस पडेल तेव्हा तीन प्रश्न आधी विचारावेत: हे गुण कोणत्या महिन्यांतील आहेत? ते किती स्पर्धा खेळून मिळाले? आणि मधल्या काळात हा खेळाडू दुखण्याने किती आठवडे घरी होता? या तिन्हींची उत्तरे बहुधा त्याच वर्तमानपत्राच्या मागील काही अंकांत सापडतात. ज्यास ती शोधण्याची सवय लागेल, त्यास शाळेच्या निकालपत्रातील क्रमांकाचा रकानाही अधिक समजुतीने वाचता येईल. स्वतःचाही, आणि शेजारच्या बाकावरील मित्राचाही.